‘फादर’ म्हणजे कोणाचे? ऑक्सफर्ड चळवळ, पुण्याचं पंचहौद आणि आपलं जालना

आज सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी जो आराखडा सादर केला, त्यात एक वाक्य होतं: “पंडिता रमाबाईंवर पुण्यातील रोमन कॅथलिक मिशनचा, विशेषतः फादर गोरे यांचा प्रभाव पडला.” मार्गदर्शकांनी त्या वाक्याभोवती लाल गोल केला आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: “कुठलं चर्च?”

मला प्रश्नच कळला नाही. ‘फादर’ आहेत, ‘सिस्टर’ आहेत, कॉन्व्हेंट आहे, मेणबत्त्या आहेत. मग कॅथलिक नाहीत तर कोण? मी जालना जिल्ह्यातली. आमच्याकडे लहानपणी ‘मिशन’ म्हटलं की मिशन हॉस्पिटल डोळ्यांसमोर यायचं. तिथल्या चर्चचे ते ‘पाळक’ किंवा ‘रेव्हरंड’, आणि कॉन्व्हेंट शाळेतले ते ‘फादर-सिस्टर’, एवढंच माझं वर्गीकरण होतं. त्या वर्गीकरणावर मी संशोधनाचा आराखडा उभा केला होता.

फादर गोरे रोमन कॅथलिक नव्हते. रमाबाईंना बाप्तिस्मा देणारं चर्चही रोमन नव्हतं. ते होतं चर्च ऑफ इंग्लंड, म्हणजे अँग्लिकन. पण अँग्लिकन चर्चमधली एक विशिष्ट, वादग्रस्त फळी. तिचा उगम १८३३ च्या ऑक्सफर्डमध्ये आहे. ही फळी समजून घेतली नाही, तर रमाबाईंच्या पत्रांतली अर्धी भांडणं आपल्याला निव्वळ स्वभावाची भांडणं वाटतात. प्रत्यक्षात तिथे एक मोठा प्रश्न चालू आहे: धर्मात शेवटचा शब्द कोणाचा?

आजचा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

अनुग्रह की सनद?

सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपशी संबंध तोडले. १५३४ च्या कायद्याने राजा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. पण मोडतोड अर्धवट झाली. पोप गेला, मठ गेले, लॅटिन गेली. बिशप मात्र राहिले, आणि प्रार्थनापुस्तकातला बराच जुना ऐवजही राहिला. त्यामुळे हे चर्च जिनिव्हाच्या बाजूचं की रोमच्या बाजूचं, हा प्रश्न कायम लोंबकळत राहिला.

एकोणिसाव्या शतकात त्याला धार आली. १८२८-२९ मध्ये कायदे बदलले आणि अँग्लिकन नसलेल्यांना, रोमन कॅथलिकांनाही, संसदेची दारं उघडी झाली. म्हणजे अँग्लिकन चर्चचे निर्णय आता अँग्लिकन नसलेले खासदारही घेऊ शकत होते. १८३३ मध्ये सरकारने आयर्लंडमधली अँग्लिकन बिशपांची दहा पदं कमी करणारं विधेयक आणलं. व्यवहार म्हणून बघितलं तर ते ठीकच होतं, कारण आयर्लंडची बहुसंख्य जनता रोमन कॅथलिक होती. पण १४ जुलै १८३३ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरीज चर्चमध्ये जॉन केबल यांनी प्रवचन केलं आणि याला ‘राष्ट्रीय धर्मत्याग’ म्हटलं. चळवळीचा प्रारंभ याच दिवसापासून मोजतात.

केबल यांना एवढा राग का आला? आपल्याकडचं उदाहरण घेऊ. आपल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थ संप्रदायातल्या एखाद्या मठाला एखाद्या राजाने इनाम जमीन दिली, सनद दिली, असं समजा. आता मठाधिपतीचा अधिकार कुठून आला? सनदेतून की गुरूच्या अनुग्रहातून? शिष्य म्हणेल, अनुग्रहातून. गुरूने शिष्याच्या मस्तकावर हात ठेवला, त्याच्या गुरूने त्याच्या, अशी ती साखळी आहे. सनद नंतरची गोष्ट. उद्या सरकारने कायदा करून सांगितलं की दहा मठ रद्द, तर जमीन जाईल, पण परंपरा सरकारच्या हुकमाने कशी रद्द होईल?

केबल आणि त्यांच्या मित्रांचं म्हणणं बरंचसं असंच होतं. ख्रिस्ताने प्रेषितांना अधिकार दिला, प्रेषितांनी बिशपांच्या डोक्यावर हात ठेवून तो पुढे दिला, आणि ती साखळी आजच्या बिशपापर्यंत अखंड आली आहे. म्हणून चर्च हे सरकारचं खातं नव्हे. या सिद्धांताला प्रेषितीय परंपरा म्हणता येईल.

उपमा इथे थांबवायला हवी. आपल्याकडे एक संप्रदाय आवडला नाही तर दुसरा असतो. केबल यांच्या मते खरं चर्च एकच होतं आणि ही साखळी त्याची खूण होती. ज्या पंथांत बिशप नाहीत, उदाहरणार्थ स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, ते या मापाने साखळीबाहेर पडत होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण शेवटी आपल्याला जालन्याला परत यायचं आहे.

पत्रिकांपासून मेणबत्त्यांपर्यंत

चळवळीचे दोन टप्पे वेगळे ओळखता आले पाहिजेत. नेट-सेटच्या तयारीतही ते एकमेकांत मिसळलेले मी पाहिले आहेत.

पहिला टप्पा कागदाचा. १८३३ ते १८४१ या काळात जॉन हेन्री न्यूमन, केबल, एडवर्ड पुसी आणि त्यांचे सहकारी यांनी ‘ट्रॅक्ट्स फॉर द टाइम्स’ नावाची पत्रिकामाला काढली. एकूण ९० पत्रिका. त्यावरून या मंडळींना ‘ट्रॅक्टेरियन’ म्हणू लागले. शेवटच्या, म्हणजे नव्वदाव्या पत्रिकेत न्यूमन यांनी दाखवायचा प्रयत्न केला की अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांचा अर्थ कॅथलिक पद्धतीनेही लावता येतो. गदारोळ झाला, मालिका बंद पडली. १८४३ मध्ये पुसी यांना विद्यापीठाने दोन वर्षं प्रवचनबंदी केली. ९ ऑक्टोबर १८४५ रोजी न्यूमन रोमन कॅथलिक झाले. पुढे ते कार्डिनल झाले आणि २०१९ मध्ये रोमने त्यांना संत घोषित केलं. अनेकांना वाटलं, चळवळ संपली. पण केबल आणि पुसी अँग्लिकनच राहिले, आणि त्यांच्याबरोबर मोठा गटही राहिला.

दुसरा टप्पा कृतीचा. वेदीवर मेणबत्त्या, धूप, भरजरी वस्त्रं, पाद्र्याजवळ पापकबुली, प्रभुभोजनाच्या द्राक्षारसात पाणी मिसळणं, अशा जुन्या प्रथा परत येऊ लागल्या. यांना विधिवादी म्हणत. त्यांच्या दृष्टीने हा देखावा नव्हता. ख्रिस्त त्या भाकरीत आणि द्राक्षारसात खरोखर उपस्थित आहे असं मानलं, की त्याच्यापुढे गुडघे टेकणं आणि दिवा लावणं ओघानेच आलं. विरोधकांना मात्र यात पोप मागच्या दाराने येताना दिसला. १८७४ मध्ये संसदेने विधिवादाला आळा घालणारा कायदाच केला, आणि त्याच्या अंमलबजावणीत पाच पाद्री तुरुंगात गेले. मेणबत्तीपायी तुरुंग! पण वादाचं मूळ १८३३ चंच होतं. उपासना कशी करायची, हे न्यायालय ठरवणार की चर्च?

याच टप्प्यात एक गोष्ट घडली जिचा आपल्याशी थेट संबंध आहे. हेन्रीने मोडलेले मठ तीनशे वर्षांनी परत आले. १८४८ मध्ये वाँटेज या गावी विल्यम बटलर यांनी सेंट मेरी द व्हर्जिन हा भगिनीसंघ काढला. १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काऊली इथे रिचर्ड बेन्सन यांनी सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हा पुरुषांचा संघ काढला. यांनाच ‘काऊली फादर्स’ म्हणतात. अँग्लिकन चर्चमध्ये ‘फादर’ आणि ‘सिस्टर’ आले ते असे. माझी आराखड्यातली चूक नेमकी इथली होती.

ऑक्सफर्ड ते पंचहौद

आता दुवे जुळवा. केबल यांच्या स्मरणार्थ १८७० मध्ये ऑक्सफर्डला केबल कॉलेज निघालं. तिथे शिकवणारे लुई जॉर्ज मिल्न १८७६ मध्ये मुंबईचे बिशप झाले. त्याच दशकात काऊली फादर्स मुंबईत आले, आणि १८७७ मध्ये वाँटेजच्या भगिनी पुण्यात आल्या. पुण्याच्या पेठेतली पाच हौदांची जागा म्हणजे पंचहौद; तिथलं मिशन आणि उंच घंटाघराचं पवित्र नाम देवालय हे याच परंपरेचं काम. केबल यांचं प्रवचन ते पुण्याची पेठ, मध्ये अर्धशतकापेक्षाही कमी अंतर आहे.

या जाळ्यातला सर्वांत विलक्षण माणूस मराठी होता. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ चा, झाशीकडचा; घराणं चित्पावन, वाढ काशीत. मिशनऱ्यांना वादात हरवायला गेलेला हा पंडित १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ‘नेहेम्या’ झाला. तेव्हा त्यांचा संबंध आला तो चर्च मिशनरी सोसायटीशी. तीही अँग्लिकनच, पण सुवार्तावादी बाजूची. तिचा भर बायबल आणि व्यक्तिगत श्रद्धा यांवर. विधी आणि बिशपांची साखळी यांना दुय्यम स्थान. १८६० मध्ये गोऱ्यांचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ आला, ज्यात त्यांनी सहाही दर्शनांचं खंडन केलं. १८७० मध्ये ते पाद्री झाले. पण हळूहळू ते चर्च मिशनरी सोसायटीच्या बाजूकडून कॅथलिक बाजूकडे सरकले, आणि १८७६ मध्ये काऊलीला जाऊन संघात उमेदवार म्हणून राहिले. अंतिम व्रतं त्यांनी कधीच घेतली नाहीत. १८९५ मध्ये मुंबईत वारले तोपर्यंत एखाद्या संन्याशासारखे राहिले.

ते का सरकले? माझं वाचन असं. शास्त्री म्हणून त्यांची घडण ‘शब्दप्रमाण’ मानणाऱ्या परंपरेतली होती. केवळ तर्काने ईश्वर कळतो, या प्रार्थना समाज आणि ब्राह्मो समाजाच्या भूमिकेशी ते आयुष्यभर भांडले. ज्याला प्रमाण लागतं, त्याला प्रमाण सांगणारी अखंड परंपराही लागते. ऑक्सफर्डची फळी नेमकं तेच देत होती. हा माझा अर्थ आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण ‘गोरे ख्रिस्ती झाले’ एवढ्यावर थांबलो असतो तर हा प्रश्न सुचलाही नसता.

रमाबाईंनी उलटा विचारलेला प्रश्न

१८८२ मध्ये पती गेल्यावर रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं. इथेच त्यांचा वाँटेजच्या भगिनींशी आणि गोऱ्यांच्या लेखनाशी संबंध आला. ख्रिस्ती धर्म बुद्धीला पटला तो गोऱ्यांच्या लेखनाने, हे त्यांनीच पुढे नमूद केलं आहे. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या, वाँटेजला राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच माय-लेकींनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता.

मन हललं ते मात्र लंडनच्या फुलहममध्ये. ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी तिथे घर चालवलं होतं. अशा स्त्रियांसाठी कोणी काही करू शकतं, हे आपण प्रथमच पाहिलं, असं त्या सांगतात. आपण विधिवाद म्हणजे मेणबत्त्या समजतो. पण त्या चळवळीने स्त्रियांना लग्नाबाहेरचं एक संघटित, सार्वजनिक कामाचं आयुष्यही दिलं होतं. केडगावला पुढे जे उभं राहिलं, त्याची एक मुळी फुलहमपर्यंत जाते.

आणि तरी दोन वर्षांत ठिणग्या उडाल्या. ही पत्रं सिस्टर जेराल्डिन यांनी जपली आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनात महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. प्रत्येकाने वाचावीत अशी आहेत. रमाबाई त्रैक्याबद्दल आणि अथनेशियन मतांगीकाराबद्दल शंका काढतात. क्रूसावर लॅटिन अक्षरं हवीत असं म्हटल्यावर विचारतात की लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा अधिक काय आहे. ब्राह्मणांना जसं संस्कृतचं तसंच तुम्हाला लॅटिनचं वाटतं का? चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी सूचना आली, तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. शाकाहार त्यांनी सोडला नाही, तोही भगिनींना जातीचा अभिमान वाटला. १८८५ च्या मे महिन्यात त्या जेराल्डिनना स्पष्ट कळवतात की आपण ख्रिस्ताच्या चर्चच्या सभासद आहोत हे खरं, पण पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला आपण बांधील नाही.

आता हे १८३३ च्या शेजारी ठेवून वाचा. केबल म्हणाले, शेवटचा शब्द सरकारचा नाही, चर्चचा; आणि चर्च म्हणजे बिशपांची साखळी. भगिनींनी रमाबाईंना हेच शिकवलं. रमाबाई आयुष्यभर एका साखळीशी झगडत आल्या होत्या, शास्त्र सांगणाऱ्या पुरुषांच्या. ती तोडून आल्यावर दुसरी साखळी समोर आली, आणि त्यांनी तिलाही तोच प्रश्न विचारला. जेराल्डिन यांना यात गर्व दिसला, आणि त्यांच्या बाजूने ते समजण्यासारखं आहे: आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या स्त्रीला ‘माझा विवेक’ हा शब्द अहंकाराचाच वाटणार. दोघीही आपापल्या जागी प्रामाणिक होत्या. भांडण स्वभावाचं नव्हतं, प्रमाणाचं होतं.

एक कप चहा आणि थोडं पाणी

पंचहौद म्हटलं की आपल्याला आठवतं ते चहा प्रकरण. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली. चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कपाला नुसता हात लावला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांच्या करामतीने नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. ग्रामण्य झालं, शंकराचार्यांकडे प्रकरण गेलं, आयोग बसला, प्रायश्चित्तं झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, आणि त्यांचे सुधारक मित्र दुखावले.

हे आपण ‘सनातनी विरुद्ध सुधारक’ या एका चौकटीत शिकतो. पण त्याच महिन्यांत इंग्लंडमध्ये काय चाललं होतं, बघा. लिंकनचे बिशप एडवर्ड किंग यांच्यावर विधिवादाचा खटला भरला होता. आरोप काय? वेदीवर मेणबत्त्या लावणं, आशीर्वाद देताना क्रूसाची खूण करणं, द्राक्षारसात पाणी मिसळणं. आर्चबिशप बेन्सन (काऊलीचे बेन्सन वेगळे) यांनी २१ नोव्हेंबर १८९० रोजी निकाल दिला, तो बराचसा किंग यांच्या बाजूने. पाणी आधीच मिसळून ठेवलेलं चालेल, उपासना चालू असताना मिसळायचं नाही, असंही त्यात होतं.

म्हणजे १८९० च्या शरदात पुण्यात चहा कोणाच्या हातचा, यावर मोठमोठी माणसं वाद घालत होती, आणि लंडनमध्ये पाणी कधी मिसळलं, यावर. ज्या मिशनच्या चहाने पुणे पेटलं, ते मिशन स्वतः त्या लंडनच्या वादातली एक बाजू होतं! ‘आधुनिक पश्चिम विरुद्ध कर्मकांडी भारत’ ही चौकट इथे टिकत नाही. दोन्हीकडे हाच प्रश्न आहे: काय शुद्ध, काय अशुद्ध, हे ठरवणार कोण?

आणि आपलं जालना?

जालन्यात काऊली फादर आले नाहीत. जालन्याचं नाव या इतिहासात येतं ते रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्यामुळे. ते मुंबईत १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. तिथे, गावाजवळ, त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. त्यांचे धाकटे भाऊ श्रीपत यांचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. त्या मुलाला न्यायालयाने मिशनऱ्यांकडून वडिलांच्या हवाली केलं, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन प्रायश्चित्ताने त्याला जातीत परत घेतलं. तेव्हाही ग्रामण्य झालंच.

शेषाद्री ज्या चर्चचे, ते स्कॉटलंडचं फ्री चर्च. त्याचा जन्मही १८४३ चाच. गावच्या चर्चवर पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, यावरून भांडण झालं, न्यायालयांनी हस्तक्षेप केला, आणि मे १८४३ मध्ये साडेचारशेच्या आसपास पाळक पगार आणि घरं सोडून बाहेर पडले. प्रश्न केबल यांचाच होता: चर्च सरकारचं का? उत्तर मात्र वेगळं. ऑक्सफर्डने म्हटलं, अधिकार बिशपांच्या साखळीचा. स्कॉटलंडने म्हटलं, अधिकार ख्रिस्ताचा, आणि तो मंडळीने निवडलेल्या पाळक-वडिलांच्या सभेतून चालतो. पंचहौदच्या मापाने बघितलं तर बेथेलला बिशप नव्हता, म्हणजे साखळीच नव्हती.

शेजारचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, याहून गंमतीचं. तिथे चर्च मिशनरी सोसायटीचे रत्तनजी नौरोजी हे मूळचे पारशी पाद्री काम करत. ते अँग्लिकन, म्हणजे कागदोपत्री पंचहौदच्याच चर्चचे. पण सोसायटी सुवार्तावादी, त्यामुळे ‘फादर’ नाहीत, धूप नाही. उपासनेच्या पद्धतीत औरंगाबादचे अँग्लिकन पुण्याच्या अँग्लिकनांपेक्षा जालन्याच्या प्रेस्बिटेरियनांना जवळचे वाटले असते. नकाशावर एकच रंग देऊन ‘ख्रिस्ती मिशनरी’ लिहिलं, की हे सगळं पुसलं जातं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन वारसा एकत्र आले. या चर्चमध्ये बिशप आहेत. म्हणजे पंचहौद आणि बेथेल यांचं घर आज एक आहे, आणि १८३३ च्या भांडणाचा एक तुकडा तिथे तडजोडीने मिटला आहे.

तुमच्या कामासाठी

एकोणिसाव्या शतकावर काम करणार असाल, तर ‘मिशनरी’ हा शब्द लिहिण्याआधी थांबा आणि विचारा: कुठली सोसायटी? त्या सोसायटीत अधिकार कोणाचा? मग पत्रातल्या शब्दांकडे बघा. ‘फादर’, ‘संस्कार’, ‘आज्ञापालन’, ‘कॅथलिक’ हे शब्द कोण वापरतं आणि कोण मुद्दाम टाळतं? अँग्लिकन माणूस ‘कॅथलिक’ म्हणतो तेव्हा रोम अभिप्रेत असेलच असं नाही. नावंही सैल ठेवून शोधा. मराठीत ‘गोरे’ आणि ‘गोऱ्हे’ दोन्ही सापडतं. नीळकंठ, नीलकंठ, नेहेम्या हे एकाच माणसाचे अवतार आहेत. एका नावाने शोधलंत तर अर्धा माणूस हाती लागेल.

आणि दुसरं, जे मला उशिरा कळलं. धर्मांतराची तारीख म्हणजे कहाणीचा शेवट नव्हे. आपण ‘१८८३ : बाप्तिस्मा’ अशी नोंद करतो आणि पुढे जातो. रमाबाईंचा खरा वाद त्यानंतर सुरू झाला, नव्या घराच्या आत. गोऱ्यांचा शोधही बाप्तिस्म्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी काऊलीला पोचला, आणि तिथेही पूर्ण मुक्कामाला लागला नाही.

माझ्या आराखड्यातलं ते वाक्य मी बदललं. आधी वाटलं होतं, ‘रोमन कॅथलिक’ खोडून ‘अँग्लिकन’ लिहिलं की झालं. तसं झालं नाही. ‘प्रभाव पडला’ हे क्रियापदही खोडावं लागलं, कारण रमाबाईंवर नुसता प्रभाव पडत नव्हता, त्या समोरच्याची उलटतपासणी घेत होत्या. एका लाल गोलातून प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण निघालं.

तुमच्या आराखड्यातही असा एखादा सरसकट शब्द असेल. मार्गदर्शकांच्या आधी तुम्हीच त्याच्याभोवती गोल करा.